हलवायचं, पण कुठे?

पुलाखाली किंवा फुटपाथवर मुक्काम टाकलेल्या लोकांना महापालिकेने उठवलं की शहरातल्या बहुतेकांना बरं वाटतं. ताडपत्र्या, भांडी, गोधड्या गाडीत भरल्या जातात, रस्ता धुतला जातो आणि "झालं एकदाचं साफ" असं आपण म्हणतो. असं म्हणणारी माणसं वाईट नसतात. त्यांना चालायला वाट हवी असते, मुलांना शाळेत सोडताना मनात भीती नको असते. तरीही या समाधानात काहीतरी अर्धं राहतं. ते काय, हे सैनिकी शाळेतल्या मुलांना इतरांपेक्षा लवकर दिसायला हवं, असं माझं मत आहे.

या सत्रात आमच्या वर्गाच्या वादविवादाला हाच विषय होता. वस्त्या हटवाव्यात म्हणणाऱ्या बाजूला टाळ्या जास्त पडल्या. त्यांचे मुद्दे तीन होते. फुटपाथ सगळ्यांचा आहे. अशा वस्त्यांमुळे घाण आणि गुन्हे वाढतात. आणि सरकार रात्रनिवारे देतं, तरी हे लोक तिथे जात नाहीत. हे मुद्दे घरोघरी ऐकू येतात, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा खरा आहे, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केला आहे. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना उठवून आपापल्या गावी पाठवायचं, असं महाराष्ट्र सरकारने ठरवलं. त्यावरून 'ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका' हा खटला उभा राहिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, असं त्यात म्हटलं. पण फुटपाथ अडवण्याचा हक्क कोणालाही नाही, हेही त्याच निकालात आहे. हटवता येईल, मात्र आधी सूचना द्या, म्हणणं ऐकून घ्या, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिना होईपर्यंत, कोणालाही उठवू नका, असं न्यायालयाने बजावलं. ज्यांना १९७६ च्या मोजणीत ओळखपत्रं मिळाली होती, त्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितलं.

मीही असं म्हणत नाही की माणसांनी फुटपाथवरच राहावं. २०२४ च्या डिसेंबरात पुण्याजवळ वाघोलीला फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला. तीन जण गेले, त्यांत दोन लहान मुलं होती. कामासाठी अमरावतीकडून आलेली ही माणसं होती. फुटपाथ ही कोणाच्याही लेकरांना झोपवायची जागा नव्हे. प्रश्न आहे तो तिथून उठवल्यावर ती लेकरं कुठे झोपणार, हा.

दुसरा मुद्दा घाणीचा आणि गुन्ह्यांचा. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेचे कर्मचारी रस्त्यावर, पुलाखाली, मोठ्या पाइपांत आणि रेल्वे फलाटांवर झोपलेल्यांची मोजणी करत फिरले. देशात १७ लाख ७३ हजार बेघर सापडले. त्यांपैकी ९ लाख ३८ हजार शहरांत होते. दहा वर्षांपूर्वी शहरांतला आकडा ७ लाख ७८ हजारांच्या आसपास होता. म्हणजे खेड्यांत बेघर कमी झाले आणि शहरांत वाढले. माणसं कामाच्या मागे येतात, हे यातून दिसतं. दिल्लीत चांदणी चौक आणि खारी बावलीत हातगाड्या ओढणारे, लग्नसराईत मांडवात वाढपी म्हणून राबणारे, भंगार वेचणारे यांतले कितीतरी जण रात्री उघड्यावर झोपतात. ज्या शहराला ते घाण वाटतात, त्या शहराचा कचरा तेच वेगळा करतात. त्यांच्याजवळ संडास नाही, नळ नाही. कॅम्पमध्ये तंबू ठोकण्याआधी पाणी आणि संडासाची जागा ठरवायची, हे आपल्याला शिकवलेलं आहे. ती सोय नसेल तर कुठलाही कॅम्प तीन दिवसांत घाण होईल, मग त्यात कॅडेट असोत की मजूर.

गुन्ह्यांबद्दल बोलताना मराठी वाचकाने जास्तच सावध राहायला हवं. पुण्या-मुंबईच्या सिग्नलवर फुलं आणि गजरे विकणाऱ्या कुटुंबांत पारधी समाजाची पुष्कळ कुटुंबं आहेत. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे अशा अनेक जमाती त्यात ओढल्या. जन्मलेलं मूल जन्मतःच संशयित ठरलं. १९५२ साली तो कायदा गेला, पण संशय गेला नाही. चोरी करणाऱ्याला पोलिसांनी जरूर पकडावं. पण एका वस्तीत राहतो म्हणून चोर, हा हिशोब इंग्रजांचा होता. तो आपण पुढे चालवायचं कारण नाही.

तिसरा मुद्दा रात्रनिवाऱ्यांचा. २००९ च्या डिसेंबरात, ऐन थंडीत, दिल्लीत पुसा रोडजवळचा तंबूंचा निवारा हटवला गेला. प्रकरण न्यायालयांत गेलं. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शहरांत दर एक लाख लोकवस्तीमागे चोवीस तास चालणारा किमान एक निवारा हवा, असं ठरवून दिलं. निवारे वाढले, ही चांगली गोष्ट. मग लोक तिथे का जात नाहीत? बरेचसे निवारे फक्त पुरुषांसाठी असतात, त्यामुळे नवरा एकीकडे आणि बायको-मुलं दुसरीकडे, अशी वेळ येते. हातगाडी आत नेता येत नाही आणि बाहेर ठेवली तर चोरीला जाते. पहाटे चारला बाजारात माल उतरवणाऱ्याला दूरच्या निवाऱ्याचा उपयोग नसतो. ही कारणं आळसाची नाहीत. आपल्या घरी कोणी "झोपायला जागा आहे, पण आईला दुसरीकडे पाठवा आणि सायकल रस्त्यावर ठेवा" असं सांगितलं, तर आपणही दहा वेळा विचार करू.

आता त्या अर्ध्या राहिलेल्या गोष्टीकडे येतो. आपली तुकडी हलते तेव्हा मूव्ह ऑर्डर निघते. कुठून निघायचं, कुठे पोचायचं, किती वाजता, कोणत्या वाहनाने, सामान कोण सांभाळणार, आजारी मुलाचं काय आणि शेवटी मोजणी कोण करणार, हे सगळं तिच्यात असतं. नुसतं "इथून हला" असा हुकूम एनसीसीचा पहिल्या वर्षाचा कॅडेटही लिहिणार नाही. बेघरांना उठवण्याच्या बहुतेक कारवायांत मात्र "कुठून" एवढंच असतं. "कुठे" कोणी लिहिलेलंच नसतं. त्यामुळे चार दिवसांनी तीच माणसं पुढच्या पुलाखाली दिसतात. फरक इतकाच, की मधल्या काळात त्यांची गोधडी, स्टोव्ह, मुलांची वह्या-पुस्तकं आणि पुष्कळदा आधार कार्डही गेलेलं असतं. कागद गेला की रेशन गेलं, आणि पुनर्वसनाच्या यादीत नाव लागायची आशाही गेली.

काही वेळा "कुठे" लिहिलेलं असतं, पण ते न लिहिल्यासारखंच असतं. २००४ साली दिल्लीतल्या यमुना पुश्त्यावरची मोठी वस्ती हटवली, तेव्हा कागदपत्रं असलेल्या अनेक कुटुंबांना पार शहराच्या उत्तर टोकाला बवान्याला प्लॉट मिळाले. घर एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला. रोजच्या मजुरीतला मोठा हिस्सा बसभाड्यात घालवून कोण टिकणार?

इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री काय होतं, हे आपल्याला माहीत आहे. नको असलेलं सगळं ट्रंकेत किंवा पलंगाखाली जातं. साहेब येतात, खोली चकाचक दिसते. जी-२० च्या बैठकांच्या वेळी मुंबई-दिल्लीत वस्त्यांसमोर कापडी पडदे उभे राहिले, आणि २०२३ च्या परिषदेच्या आधी काही महिने सराय काले खानचा एक रात्रनिवारा पाडला गेला. पाहुण्यांसमोर घर आवरावं, यात वावगं काही नाही. पण ट्रंकेत कोंबलेला कपडा धुतलेला नसतो. आणि इथे तर आपण माणसांबद्दल बोलतोय.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझर कारवाईविषयी नियम घालून दिले. घर पाडण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची झाली. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग यांवरची अनधिकृत बांधकामं मात्र त्या नियमांतून वगळलेली आहेत. भिंत असलेल्याला पंधरा दिवस मिळाले, ताडपत्रीवाल्याला ते मिळाले नाहीत. म्हणून त्याच्या बाबतीत कायद्याइतकंच महत्त्व लोकमताला आहे. लोक टाळ्या वाजवतात तोवर रातोरात गाड्या येतील. लोकांनी "कुठे?" असं विचारलं, तर अधिकाऱ्याला उत्तर तयार ठेवावं लागेल.

आई-बाबांना माझी एक विनंती आहे. सुट्टीत आम्ही गाडीत मागे बसलेलो असतो, तेव्हा सिग्नलवरच्या माणसांबद्दल तुम्ही काय बोलता ते आम्ही ऐकत असतो. कॅडेट मित्रांनो, आपल्यातले काही जण उद्या फौजेत जातील, काही प्रशासनात, आणि अशा कारवाईच्या कागदावर कोणाची तरी सही लागेल. पुरात अडकलेल्या गावाला हलवताना जवान म्हातारीला पाठीवर घेतात आणि छावणीत पोचल्यावर नावं मोजतात. तो नियम शहरातल्या पुलाखालीही लागू व्हावा: आधी मोजणी, मग जागा, मग वाहन, आणि हलवणं सगळ्यात शेवटी. एवढं झालं, तर फुटपाथ मोकळा करण्याला माझीही हरकत नाही.