मारुतीला रुईची माळ आणि धुऱ्यावरच्या रुईला तणनाशक!

पोस्ट जरा लांब आहे. काहींना झोंबेल पण. तरी शेवटपर्यंत वाचा, मग काय बोलायचं ते बोला.

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतणीने प्लास्टिकच्या बरणीत चार अळ्या पाळल्या होत्या. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, अंगावर काळ्या मिशांसारख्या तीन जोड्या. रुईच्या पानावर सापडल्या म्हणून पानासकट घरी आणल्या. रोज शाळेतून आली की दप्तर टाकून आधी बरणी. पाचव्या दिवशी तिने आमच्याच धुऱ्यावरून ताजी पानं तोडून आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चारही अळ्या बरणीच्या तळाशी मरून पडलेल्या. पोरगी मला विचारते, "काका, मी काय चुकलं?"

तिचं काही चुकलं नव्हतं. आदल्या दिवशी धुऱ्यावर औषध मारलं होतं. मीच मारलं होतं. पंपात आधीच्या कीटकनाशकाचं काय उरलं होतं, हेही मी बघितलं नव्हतं. म्हणून ही पोस्ट दुसऱ्या कुणावर बोट दाखवायला लिहीत नाही. पहिला गुन्हेगार मीच आहे.

ती अळी ज्याची होती, ते केशरी फुलपाखरू तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. पंखाच्या टोकाला काळं, त्यात पांढरे ठिपके. इंग्रजीत त्याला प्लेन टायगर म्हणतात. मादी रुईच्या पानाखाली एकेक अंडं सुटं घालते. तीन-चार दिवसांत अळी, पुढचे पंधरा दिवस नुसतं खाणं, मग कोष, आणि साधारण महिन्याभरात फुलपाखरू तयार. रुईच्या चिकातलं विष ती अळी अंगात साठवते, म्हणून पक्षी एकदा चाखला की पुन्हा नादाला लागत नाहीत. इतकं की दुसऱ्या एका जातीची मादी याचंच रूप घेऊन जगते. तिच्या अळ्या कशावर वाढतात माहितीय? आपल्या घोळीच्या भाजीवर!

आता मुद्द्याचं. अमेरिकेत याचा चुलतभाऊ आहे, मोनार्क. तोही रुईच्याच कुळातल्या झाडांवर वाढतो, तिकडे त्यांना मिल्कवीड म्हणतात. हे फुलपाखरू हिवाळ्याला चार-चार हजार किलोमीटर उडून मेक्सिकोच्या डोंगरात जातं. तिथे झाडं अक्षरशः फुलपाखरांनी झाकून जातात, म्हणून त्यांची मोजणी झाकलेल्या जंगलाच्या क्षेत्रावर करतात. 1996-97 च्या हिवाळ्यात ते क्षेत्र 18 हेक्टर होतं. 2023-24 मध्ये 0.9 हेक्टर. एक हेक्टर पण नाही!

कारणं बरीच आहेत. जंगलतोड आहे, हवामान आहे. पण एक मोठं कारण आपल्या ओळखीचं आहे. 1996 पासून तिकडे तणनाशक सहन करणारं सोयाबीन आलं, मागोमाग मका आला. मग अख्ख्या शेतावर बिनधास्त फवारणी. पीक उभं आणि मिल्कवीड साफ. आता तिथले लोक अंगणात, शाळेत, रस्त्याकडेला मिल्कवीड लावत बसलेत. जे फुकट उगवत होतं, ते विकत आणून.

आपण वेगळं काय करतोय? तणनाशक सहन करणारं कापसाचं बियाणं, ज्याला सगळे "चोर बीटी" म्हणतात, त्याला परवानगी नाही तरी ते कुठे कुठे पोचलंय हे मी सांगायला नको. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये निर्बंधाची अधिसूचना काढली. ती वाचलेला एक शेतकरी मला दाखवा. मीही वाचली नव्हती.

आता तुमचे प्रश्न. "निंदायला माणूस मिळत नाही, मिळालं तर मजुरी परवडत नाही." शंभर टक्के खरं. पिकातल्या तणाबद्दल मी बोलतच नाहीय, तो ज्याचा त्याचा हिशेब. पण धुऱ्यावर, गायरानात, स्मशानभूमीच्या कडेला, देवळामागे कोणतं पीक आहे? तिथे औषध मारून कुणाचं उत्पन्न वाढलं?

"अळी म्हणजे कीडच की. उद्या कापसावर चढेल." नाही चढणार. ही अळी रुई आणि तिच्या कुळातली झाडंच खाते. कापूस, सोयाबीन, तूर तिच्या खाण्यात नाही. मोसंबीची पानं खाणारी अळी वेगळी, ते लिंबावरचं फुलपाखरू. एकाच्या गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्याला कशाला?

"रुई विषारी आहे." आहे. चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. लेकरांना हे शिकवा, पान तोडलं की हात धुवायला लावा. औषधाचे डबे घरात ठेवणाऱ्या माणसाने रुईच्या विषाला भ्यावं, हे मला काही पटत नाही.

आणि मंडळी, आपण कोणत्या गावचे? 1608 साली समर्थ जन्मले त्या जांबचे. ज्यांनी अकरा मारुती स्थापले, त्यांच्या गावचे. दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते. रथसप्तमीला रुईचं पान लागतं. 2022 मध्ये आपल्या राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा गाव कसं हळहळलं, आठवतं ना? मूर्ती परत मिळाल्या तेव्हा डोळ्यात पाणी आलं. मग देवाच्या माळेचं झाड आपल्याच हातांनी जाळताना काहीच कसं वाटत नाही? परवा शनिवारी अकरा पानांची माळ करायला मला तीन धुरे फिरावे लागले. लहानपणी देवळाच्या मागे गेलं की काम व्हायचं.

अजून एक. बरणीत फुलपाखरू पाळून रील टाकायची हौस असेल तर करा, पण त्याने फुलपाखरं वाढत नाहीत. अमेरिकेतले जाणकारही हेच सांगतात की घाऊक पाळून सोडू नका, रोगराई पसरते, त्यापेक्षा झाड लावा. फुलपाखरू पाळायचं नसतं. रुई पाळायची असते.

म्हणून मागणी साधी आहे. येत्या ग्रामसभेत ठराव घेऊ: गायरान, स्मशानभूमी, देवळांचा परिसर आणि गावातले रस्ते इथे तणनाशक मारायचं नाही, वाढलेलं गवत कापायचं. जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्यात गावाच्या समितीने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते, त्यात रुई, घोळ, हरणदोडी आणि त्यांच्यावरची फुलपाखरं शाळेच्या पोरांकडून लिहून घेऊ. आणि प्रत्येकाने आपल्या एका धुऱ्यावर चार रुई ठेवायच्या. लावायच्या नाहीत, फक्त मारायच्या नाहीत. दारात ज्यांना जागा आहे त्यांनी हळदीकुंकवाचं झाड लावा, तेही याच कुळातलं आहे. फक्त गुरांच्या तोंडाला लागणार नाही असं.

माझ्या धुऱ्यावर यंदा पंप फिरला नाही. बुडातून तीन रुई परत फुटल्यात. पुतणी रोज पानं उलटी करून बघते. अजून अंडं दिसलेलं नाही.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण ग्रामसभेला या.

जय जय रघुवीर समर्थ 🙏