‘इमान’ला शून्य गुण

चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पेपर काढले आणि तपासले. त्यामुळे धुळ्यातल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी प्रश्नांचा कागद पुढे ओढला, तेव्हा माझी नजर आधी गुणांच्या रकान्याकडे गेली. एकूण गुण ३०. साधारण २४ च्या खाली गेलं की संशय. मायला पडले १४.

आम्ही अमळनेर तालुक्यातले. माय ऐंशीच्या पुढची. जन्मतारीख म्हणून ‘आखाजीच्या आसपास’ एवढंच ठाऊक. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. वर्षभरापासून दुधाचं पातेलं गॅसवर विसरायची, नातीला आत्याच्या नावाने हाक मारायची. घरात ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपवत होते. मीच हट्टाने नेलं.

डॉक्टर तरुण, वागायला चांगले, बोलणं पुण्याकडचं. “आजी, तीन शब्द लक्षात ठेवा. पेन्सिल, विमान, टेबल.” मग विचारलं, आज तारीख काय? माय म्हणाली, “काल आमोस व्हती.” फुली. अमावास्या खरोखरच आदल्या दिवशी होती. मग म्हणाले, शंभरातून सात वजा करत चला. माय माझ्या तोंडाकडे पाहायला लागली. हीच बाई कापूस वेचणीला बारा बायांची वजनं तोंडी ठेवायची आणि बाजाराच्या दिवशी एकीचाही रुपया चुकायचा नाही. शेवटी ते तीन शब्द पुन्हा विचारले. “टेबल...” बराच वेळ थांबून, “इमान.” गुण पडला एकच. मी म्हटलं, साहेब, अहिराणीत विचाराचा इचार होतो, तसं विमानाचं इमान. ते हसले. गुण वाढला नाही. पुढचा प्रश्न होता, एक वाक्य लिहा.

ही प्रश्नावली १९७५ मध्ये अमेरिकेत फोल्स्टीन पती-पत्नी आणि मॅकह्यू यांनी केली, तिथल्या रुग्णालयात दाखल असलेल्यांना खाटेजवळ पाच-दहा मिनिटांत तपासता यावं म्हणून. त्या कामाला ती चांगलीच होती. पण ती शाळा गृहीत धरते. जे शिकवलंच नाही ते पेपरात आलं, तर पालक माझ्या शाळेवर मोर्चा आणायचे. आणि उलटही होतं: माझे एक निवृत्त मुख्याध्यापक मित्र याच कागदावर २८ गुण मिळवून बाहेर आले आणि चाळीस वर्षं राहिलेल्या कॉलनीत घर शोधत फिरले.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गेल्या १९५१ मध्ये, कवितांचं पुस्तक आलं १९५२ मध्ये, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्या वाक्य लिहायच्या प्रश्नाला त्यांनाही भोपळाच मिळाला असता.

यावर उपाय आपल्याच देशात झालेला आहे. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी निरक्षर म्हाताऱ्यांसाठी हीच चाचणी नव्याने बांधली. १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सातची वजाबाकी काढून वीसातून तीन. शब्दाचं स्पेलिंग उलटं सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे. वाक्य लिहिण्याऐवजी, घराबद्दल काहीतरी सांगा. आयसीएमआरची चाचणीमाला २०२० मध्ये आली ती हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये. त्या पाचांत मराठीच नव्हती, तिथे अहिराणीला कोण विचारतो!

गंमत म्हणजे हैदराबादला सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या (२०१३), तर एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. शाळा न शिकलेल्यांतही हा फरक होता. माय घरात अहिराणी, तलाठ्याशी मराठी आणि बांगडीवाल्याशी हिंदी बोलते. संशोधनात जी पुंजी ठरते, तीच ओपीडीत फुली होते.

लोक म्हणतात, एमआरआय काढा. काढला. मेंदू थोडा आकसलेला दिसतो म्हणे, पण कोणती गोष्ट विसरते हे फोटोत दिसत नाही. ते बोलूनच काढावं लागतं.

दुसरे डॉक्टर साक्रीकडचे निघाले. “जेवनी का माय?” इथून सुरुवात. अर्धा तास आम्हा नवरा-बायकोलाच विचारत होते: पैसे सांभाळते का, वाट चुकते का, हे हळूहळू झालं की एकदम? कान तपासले, डाव्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं. थायरॉइड ठीक, बी-१२ फारच कमी. आमचं घर माळकरी, मांस-अंडी वर्ज्य, दूध चहापुरतं. इंजेक्शनं सुरू झाली. सगळं बी-१२ मुळेच होतं असं मी म्हणणार नाही; अजूनही एखाद्या रात्री ती वडिलांना हाक मारते, आणि वडील जाऊन अकरा वर्षं झाली.

धुळ्यात आणि जळगावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे शिकणाऱ्यांत अहिराणी, लेवा, पावरी बोलणाऱ्या घरातली पोरं असणारच. बल्लभगडसारखा कागद आपल्या बोलीत तयार करून आपल्याच म्हाताऱ्यांवर पारखून घ्यायला मशीन लागत नाही. एखाद्या विभागाने मनावर घेतलं तर प्रश्न काढायला मी फुकट येईन.

साक्रीच्या डॉक्टरांनी मायला वार उलटे म्हणायला लावले होते. शनिवारपासून गुरुवारपर्यंत ती न अडखळता आली. मग थांबली, पुन्हा शनिवारपासून सुरू केलं, पुन्हा गुरुवारीच थांबली. त्यांनी कागदावर छोटी खूण केली. तो गुण मात्र खरोखर तिचा गेला होता.