शिखरजीची वंदना: रात्री दोनला की उजाडल्यावर?



थंडी पडायला लागली की आपल्याकडे शिखरजीच्या यात्रेची बोलणी सुरू होतात. कोण कोण येणार, गाडीत फराळाला काय न्यायचं, सगळं ठरतं. पहाड चढायला रात्री दोन-तीनला निघायचं, हे मात्र कोणी ठरवत नाही. ते ठरलेलंच असतं. मला वाटतं, यावर आता घराघरांत बोलायला हवं.

रात्री निघण्यामागं कारण आहे. मधुबनातून चढ 9 किलोमीटर, वर टोंकांची वंदना 9 आणि उतार 9, अशी 27 किलोमीटरची चाल. 20 तीर्थंकरांची निर्वाणभूमी एका दिवसात वंदायची, तीही कितीतरी जणी अनवाणी आणि उपाशीपोटी. ऊन तापायच्या आत वर पोहोचावं, दिवस मावळायच्या आत खाली येऊन जेवण व्हावं, असा तो हिशेब.

पण रात्रीचं जेवण आपण का सोडतो? अंधारात बारीक जीव दिसत नाहीत म्हणूनच ना? मग हा नियम ताटाला लावायचा आणि पायाला नाही, हे कसं? मुनीमहाराज आणि माताजी रात्री विहार करत नाहीत. चार हात पुढची जमीन दिवसाच्या उजेडात पाहून पाऊल टाकायचं, ही ईर्यासमिती. आपण श्राविका, आपल्याला महाव्रतं नाहीत, हे मान्य. पण ज्या पहाडाचा कण न् कण आपण पूज्य मानतो, तिथं तरी एक दिवस तसं चालायला काय हरकत आहे? बॅटरीच्या उजेडात, मागून घाई चाललेली असताना, पायाखाली मुंगी आली की किडा, हे कोण बघतं?

"आमच्या सासूबाईंनीही रात्रीच वंदना केली," असं कोणी म्हणेल. त्यांच्या वंदनेत काही उणं होतं असं मी म्हणत नाही. भाव ज्याचा त्याचा. आणि काळोखात णमोकार म्हणत चढण्याचा आनंद मोठा आहे, हेही खरं. पण आपल्या आनंदासाठी दुसऱ्या जीवाला त्रास नको, हेच तर आपण मुलांना शिकवतो.

आता सोयीचं बोलू. डिसेंबरच्या सुट्टीत तिथं दिवस साडेदहा तासांचाच असतो, म्हणून घाई होते. फेब्रुवारीच्या अखेरीस गेलं तर उजेडाचा तासभर जास्त मिळतो. मुलांच्या परीक्षा जवळ असतात, हे मला कळतं. पण ज्यांच्यामागं शाळा नाही त्यांनी तरी तेव्हा जावं. ज्यांना गुडघेदुखी किंवा साखरेचा त्रास आहे, त्यांनी चढापुरती डोली करावी आणि वरच्या टोंका चालून वंदाव्यात. डोली केली म्हणून कोणी नाक मुरडू नये. एवढ्यानंही सगळ्या टोंका झाल्या नाहीत, तर जेवढ्या होतील तेवढ्या शांतपणे वंदाव्यात, उरलेल्यांना तिथूनच हात जोडावेत. "आम्ही आठ तासांत उतरलो" हे सांगण्यासाठी तर आपण जात नाही.

शिखरजीचं पर्यटनस्थळ होऊ नये म्हणून आपला समाज गावोगावी रस्त्यावर उतरला होता. 5 जानेवारी 2023 ला केंद्र सरकारनं तिथल्या पर्यटनाला स्थगिती दिली. पहाडाचं पावित्र्य राखा, असं आपण सरकारला सांगितलं. त्या पावित्र्यात तिथले किडामुंगीही आले.

यंदा जाणाऱ्या मैत्रिणींनी आपल्या संघात एवढंच विचारून पाहावं: उजाडल्यावर निघालो तर चालेल का? चार जणींनी विचारलं, तर पाचवीलाही धीर येईल.