स्वस्त पुस्तक आणि चोरटें पुस्तक

मराठी पुस्तक महाग झालें ही ओरड खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तीनशें-साडेतीनशें पानांच्या कादंबरीस आज ४०० रुपयांच्या आसपास मोजावे लागतात, आणि ज्याच्या घरीं दोन मुलें शाळेंत जातात अशा पगारदारास किंवा लहान दुकानदारास ती रक्कम खिशांतून काढण्यापूर्वीं मनांत दोनदां मोजावी लागते. परंतु या ओरडीच्या आडून जो एक धंदा आमच्या शहरांतून राजरोस चालूं लागला आहे, त्याविषयीं सभ्य लोक मूग गिळून बसतात, एवढेंच नव्हे तर त्याचें गिऱ्हाईकही होतात, म्हणून आज चार शब्द स्पष्ट लिहिणें आम्हांस भाग पडत आहे. फुटपाथवर निम्म्या किंमतींत मिळणारी ती खपाची कादंबरी, जिचें मुखपृष्ठ किंचित् फिकें, कागद पातळ आणि अक्षर कोठें पुसट तर कोठें जाड असतें, ती प्रकाशकाच्या गोदामांतून आलेली नाहीं हें विकणारा जाणतो व घेणाराही जाणतो. त्याच कादंबरीची पीडीएफ मोबाईलवर एका गटांतून दुसऱ्या गटांत फिरते, आणि ती पाठविणारे गृहस्थ वर वाचनसंस्कृति वाढविण्याचा उपदेशही जोडतात!

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. जुन्या पुस्तकांचा व्यापार आणि बनावट पुस्तकांचा व्यापार या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. ज्यानें रोख पैसे देऊन पुस्तक घेतलें त्यानें तें वाचून विकलें, दुसऱ्यानें घेतलें, तिसऱ्यानें पुन्हा विकलें, यांत कोणाचेंही कांहीं बुडत नाहीं. मुंबईच्या फोर्टांतील फुटपाथवर आणि पुण्यास अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांवर किती गरीब विद्यार्थ्यांचें शिक्षण झालें आहे हें सर्वांस ठाऊक आहे. तो धंदा करणाऱ्यांचे समाजावर उपकारच आहेत. मात्र जुनें पुस्तक आणि बनावट पुस्तक एकाच फळीवर मांडलें म्हणून दोहोंची जात एक होत नाहीं. उलट बनावट मालानें खऱ्या जुन्या मालाचा विक्रेताही बदनाम होतो.

आतां या व्यवहाराचा हिशेब पाहूं. आमच्या वाचकांत व्यापारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांस तो चटकन् कळेल. ४०० रुपयांच्या पुस्तकांतून विक्रेत्याचें कमिशन सुमारें तिसरा हिस्सा घेऊन जातें. उरलेल्या रकमेंतून कागद, छपाई, बांधणी, मुद्रितशोधन, गोदामाचें भाडें आणि न खपलेल्या प्रतींत अडकलेलें भांडवल हें सर्व निघावयाचें असतें. ग्रंथकर्त्याच्या वांट्यास बहुधा छापील किंमतीवर शेंकडा १० ते १५ येतात. मराठींत बहुतेक पुस्तकांची आवृत्ति हजार प्रतींच्या पुढें जात नाहीं. ती सबंध खपली तरी दोन-चार वर्षांच्या मेहनतीबद्दल शेंकडा १० प्रमाणें ४०,००० रुपये लिहिणाराच्या पदरीं पडतात, आणि तेही आवृत्ति संपावयास जितकीं वर्षें लागतील तितक्या वर्षांत वांटून. अशा मनुष्याचे ४० रुपये बुडवून आपण व्यवहारचतुर ठरलों असें समजणारांच्या चातुर्याची आम्हांस कींव येते.

बनावट छापणाराचा हिशेब निराळा. त्यास ग्रंथकर्त्यास कांहीं द्यावयाचें नसतें, मुद्रितें तपासावयाचीं नसतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, त्यास जोखीम घ्यावी लागत नाहीं. कोणतें पुस्तक खपेल हें प्रकाशकानें स्वतःचे पैसे घालून आधींच सिद्ध केलेलें असतें. हा मागाहून येऊन फक्त खपलेलेंच पुस्तक उचलतो. नव्या कवीचा संग्रह अथवा शेतीच्या इतिहासावरील निबंध कोणी चोरून छापल्याचें आम्हीं ऐकिलें नाहीं. प्रकाशकाच्या दहा पुस्तकांतील एखाद-दुसरें चांगलें चालतें आणि त्याच्या जिवावर उरलेल्यांचा तोटा निघतो. चोर नेमकें तें एकच पुस्तक पळवितो, आणि त्यामुळें बुडतें तें पुढच्या वर्षीं निघावयाचें, अद्याप कोणी न वाचलेलें नऊ जणांचें पुस्तक. कायद्यानें या गुन्ह्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० पासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. पण गिऱ्हाईक आहे तोंवर एक छापा पडला तर दुसऱ्या गल्लींत दुसरें यंत्र सुरू होतें. जो व्यापारी आपल्या मालाच्या नांवाचें खोटें लेबल लावलेलें दिसतांच वकिलाकडे धांव घेतो, त्यानेंच संध्याकाळीं घरीं जातांना खोट्या छपाईची कादंबरी घेऊन जावी, हा कोणत्या शास्त्रांतला न्याय?

येथें कोणी म्हणेल, तर मग विद्यार्थ्यानें काय करावें? प्रश्न रास्त आहे. परदेशांत छापलेलें, हजारों रुपये किंमतीचें पुस्तक. त्यांतील दोन प्रकरणें अभ्यासक्रमांत नेमलेलीं. ग्रंथालयांत एक प्रत आणि वर्गांत शंभर मुलें. तेवढीं प्रकरणें छायाप्रत काढून वाचणारा मुलगा आणि हजार बनावट प्रती छापणारा इसम यांस एकाच दोरीनें बांधणें हा अन्याय होय. सुदैवानें आमच्या न्यायालयानें तो होऊं दिला नाहीं. ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांचे छापखाने आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनीं २०१२ सालीं दिल्ली विद्यापीठावर आणि त्याच्या आवारांतील छायाप्रतींच्या एका दुकानावर फिर्याद केली. तेथें निरनिराळ्या पुस्तकांतील नेमलेलीं प्रकरणें एकत्र बांधून विद्यार्थ्यांस मिळत असत. १६ सप्टेंबर २०१६ रोजीं न्यायमूर्ति राजीव सहाय एंडलॉ यांनीं ही फिर्याद फेटाळली. ग्रंथस्वामित्व हा कांहीं ईश्वरदत्त हक्क नसून ज्ञानाच्या वाढीसाठीं कायद्यानें दिलेला हक्क आहे, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. त्याच वर्षीं ९ डिसेंबरला खंडपीठानें, शिकविण्याच्या कामास जितकें आवश्यक तितकें उतरून घेण्यास १९५७ च्या कायद्याचें ५२ वें कलम मोकळीक देतें हें तत्त्व कायम केलें. मात्र प्रत्यक्ष काढलेल्या प्रती त्या मर्यादेंत बसतात कीं नाहीं याचा पुरावा घेण्यासाठीं खटला पुन्हा चालवावा, असें ठरविलें. २०१७ च्या मार्चमध्यें प्रकाशकांनीं खटलाच काढून घेतला.

या निकालाचें आम्हीं मनापासून स्वागत करतों. पण त्याचा आधार घेऊन सबंध कादंबऱ्या गटांतून वांटणारांनीं तो एकदां नीट वाचावा. शिक्षणाच्या कामापुरती दिलेली सवलत ही करमणुकीसाठीं केलेल्या फुकटेपणास लागू होत नाहीं.

आणि परवडत नाहीं ही सबब तरी कोण सांगतो? दर वर्षीं ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनीं नागपुरास दीक्षाभूमीवर जाऊन पाहावें. खेड्यापाड्यांतून रेल्वेनें व एस्टीनें आलेलीं माणसें, ज्यांतील अनेकांचे हात मोलमजुरीनें घट्टे पडलेले असतात, तीं पुस्तकांच्या दुकानांपुढें रांगा लावतात आणि पिशवींत पुस्तकें घालून परत जातात. या दोन ठिकाणीं जितकीं मराठी पुस्तकें विकलीं जातात तितकीं विकण्याची उमेद आमच्या नामांकित साहित्यसंमेलनांनींही सहजासहजीं धरूं नये. तेथें पुस्तक स्वस्त असतें हें खरें, पण तें प्रामाणिकपणें स्वस्त असतें: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समग्र लेखनाचे व भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनानें १९७९ पासून अल्प किंमतींत काढले, आणि लहान पुस्तिका काढणाऱ्या अनेक छोट्या प्रकाशकांनीं थोड्या नफ्यावर मोठा खप हें सूत्र धरलें. गरीब मनुष्य पैसे देऊन पुस्तक घेतो आणि हॉटेलांत एका बैठकीस हजार रुपये उडविणारा पीडीएफ मागतो, असा हा उलटा प्रकार आहे.

तेव्हां आमच्या प्रकाशकांसही दोन शब्द ऐकवणें प्राप्त आहे. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला, आणि शुद्ध, सुबक असूनही माफक किंमतीचे संस्कृत ग्रंथ देशभर पोंचविले; स्वस्त छापणें आणि निकृष्ट छापणें यांचा संबंध नाहीं, हें मुंबईच्याच एका छापखान्यानें दाखवून दिलें आहे. आज पुठ्ठ्याची बांधणी आणि जाड कागद हीच प्रतिष्ठा समजून दुसरी, साधी आवृत्ति काढण्याचा विचारही होत नाहीं. त्याहून वाईट म्हणजे, चांगलीं पुस्तकें वीस-वीस वर्षें छापलींच जात नाहींत आणि हक्क मात्र पेटींत कुलूपबंद राहतात. दुकानांत जें मिळतच नाहीं त्याची प्रत कोणी उतरून घेतली तर त्यावर गळा काढण्याचा अधिकार आपण किती राखला आहे, याचा त्यांनीं विचार करावा. ग्रंथस्वामित्वाची मुदतही आम्हांस लांबच वाटते. ग्रंथकर्त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षें ही पूर्वींची मुदत; रवींद्रनाथ ठाकुरांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ अखेर संपत आले म्हणून ती १९९२ सालीं ६० करण्यांत आली, आणि एका महाकवीच्या ग्रंथांपायीं सर्व भाषांतील वाचकांस दहा वर्षें अधिक थांबावें लागलें. साने गुरुजी १९५० सालीं गेले. ‘श्यामची आई’ २०११ पासून कोणासही छापण्यास मोकळी झाली. हरिभाऊ आपटे, आगरकर, गडकरी यांचे ग्रंथ तर केव्हांच मोकळे झाले आहेत. हे सर्व ग्रंथ शुद्ध मुद्रितांसह साध्या कागदावर निघाले तर बनावट छापणाराच्या अर्ध्या गिऱ्हाइकांस फुटपाथवर जाण्याचें कारण उरणार नाहीं.

सरकारची वागणूक एकीकडे देणाराची आणि दुसरीकडे काढून घेणाराची आहे. छापील पुस्तकावर वस्तु-सेवा कर नाहीं, पण कागदावर आहे. आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळें कागदावर भरलेला कर प्रकाशकास वळता करून घेतां येत नाहीं. टपाल खात्यानें डिसेंबर २०२४ मध्यें पुस्तकांची जुनी स्वस्त नोंदणी-सेवा एकाएकीं बंद केली. १ मे २०२५ पासून पाठ्यपुस्तकें आणि सामाजिक, सांस्कृतिक व धार्मिक वाङ्मय यांसाठीं ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालें. त्याचा दर ३०० ग्रॅमांस २० रुपयांपासून पांच किलोस १०० रुपयांपर्यंत, कर वेगळा. दर वाजवी आहे, पण कथा-कादंबरी यांपैकीं कोणत्या खान्यांत बसते हें टपालकचेरीच्या खिडकींतील कारकुनाच्या मर्जीवर राहूं नये.

परंतु खरा उपाय ग्रंथालयाचा, आणि तो आमच्या शहरवासीयांच्याच हातीं आहे. ठाण्याचें १८९३ चें ग्रंथालय सरकारनें नव्हे, गांवच्या लोकांनीं काढलें. मद्रास इलाख्यानें १९४८ च्या कायद्यानें घरपट्टीवर ग्रंथालयाचा लहानसा उपकर बसविला, कर्नाटकानें १९६५ मध्यें तीच वाट धरली. आमच्या १९६७ च्या कायद्यांत असा उपकर नाहीं आणि ग्रंथालयांस अनुदानाची वाट पाहात बसावें लागतें. उपकराचें नांव काढलें कीं व्यापारी मंडळींच्या कपाळास आंठी पडते हें आम्हांस ठाऊक आहे, तरीही तो बसवावा असेंच आमचें मत आहे. तोंवर एक काम विनाखर्चाचें आहे. नफ्यासाठीं न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयास, हिंदुस्थानांत विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती स्वतःच्या वापरासाठीं करून घेण्याची मुभा त्याच ५२ व्या कलमानें दिली आहे; ही मुभा फारच थोड्या ग्रंथपालांस माहीत असावी. तालुक्याच्या प्रत्येक ग्रंथालयानें दुर्मीळ पुस्तकांची यादी करावी, ज्या घरीं प्रत असेल तेथून ती उसनी मागावी, आणि तिचीं पानें वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वीं हें काम येत्या उन्हाळ्यांतच हातीं घ्यावें.