वीजदर ठरतो, तेव्हा आपण कुठे असतो?



बिल फुगले की आपण महावितरणच्या नावाने खडे फोडतो आणि मंत्र्यांना शिव्या घालतो. पण विजेचा दर ठरवण्याचा अधिकार या दोघांनाही नाही. तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा आहे. 2003 च्या विद्युत कायद्याचे कलम 64 सांगते की कंपनीने दरासाठी अर्ज करायचा, तो जाहीर करायचा आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन आयोगाने 120 दिवसांत निकाल द्यायचा. म्हणजे हा एक खटलाच आहे, आणि त्यात आपण पक्षकार आहोत. बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो, ही आपली शोकांतिका.

नियामक हवाच कशाला, बाजार बघून घेईल, असे म्हणणारे शहाणे भेटतात. किराणा महाग वाटला तर आपण दुकान बदलतो. वीज महाग वाटली तर दारातला खांब बदलता येतो का? जिथे गिऱ्हाइकाला दुसरे दार नाही, तिथे विकणाऱ्याचा हिशेब कुणीतरी तपासलाच पाहिजे.

तपासला नाही तर काय होते, हे गुहागर तालुक्याने पाहिले आहे. तिथे वीजप्रकल्प उभारणाऱ्या अमेरिकी एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी तेव्हाच्या राज्य वीज मंडळाचा वीजखरेदीचा करार 1993 मध्ये झाला. तेव्हा राज्यात नियामक आयोग नव्हता, जनसुनावणी नव्हती. वीज घ्या वा न घ्या, प्रकल्पाचा ठरलेला आकार भरायचाच, असे कलम मंडळाच्या गळ्यात पडले. 2001 मध्ये मंडळाने ती महागडी वीज घेणे थांबवले. आयोग आला तो 1999 मध्ये, करार कधीच होऊन गेल्यावर.

मग आयोग आल्याने सगळे सुरळीत झाले का? नाही. 28 मार्च 2025 रोजी आयोगाने महावितरणच्या दरकपातीचा आदेश दिला. पाच दिवसांत, 2 एप्रिलला, कंपनीच्याच अर्जावरून त्याला स्थगिती मिळाली आणि 25 जूनला सुधारित आदेश निघाला. दरवाढीला इतक्या तातडीने स्थगिती मिळाल्याचे कुणाला आठवते का?

आता बिल हातात घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वर सरकारचे वीज शुल्क. दर ठरताना कंपनीचा प्रशासकीय खर्चही हिशेबात धरला जातो आणि त्यात वकील व सल्लागारांची फी असते. म्हणजे आपल्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या वकिलाचे पैसे आपणच भरतो. आपल्या बाजूने उभे राहणारे मात्र पदरमोड करून येतात.

दुसरी गोम शेतीपंपांची. लाखो पंपांना मीटर नाही. त्यांचा वापर अंदाजाने धरला जातो. हा अंदाज फुगवला की गळती आणि चोरी कागदावर आपोआप कमी दिसते. बदनाम होतो शेतकरी, पैसे भरतो घरगुती ग्राहक. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना 2024 पासून मोफत वीज आहे. तिला आमचा विरोध नाही. पण सवलतीची रक्कम सरकारने आगाऊ भरावी, असे कलम 65 म्हणते. मीटर नसेल तर ती रक्कम मोजणार कशावरून?

आमच्या मागण्या:

1. जनसुनावणीनंतर दिलेला दर-आदेश बदलायचा असेल, तर पुन्हा जनसुनावणी घ्यावी.
2. शेतीच्या प्रत्येक फिडरवरचे (वीजवाहिनीवरचे) मीटर-वाचन दरमहा जाहीर करावे.
3. ग्राहकांची बाजू मांडायला प्रतिनिधी नेमण्याची तरतूद कलम 94 मध्ये आहे. घरगुती ग्राहकांसाठी पूर्णवेळ वकील आणि हिशेब-तज्ज्ञ नेमावेत. कंपनीच्या वकिलाची फी ज्या दरातून जाते, त्यातूनच यांनाही द्यावी.
4. वीज कंपनीतून किंवा ऊर्जा खात्यातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याला काही वर्षे तरी आयोगावर घेऊ नये. कालच्या साहेबांनी आज न्यायाधीश होऊ नये.
5. मराठी सारांशावर बोळवण नको. मूळ अर्ज तक्त्यांसह मराठीत मिळावा.

आयोगाने स्वतंत्र असावे, असे नुसते म्हणून तो स्वतंत्र होत नाही. समोर एकच बाजू रोज येत असेल, तर भला माणूसही त्याच बाजूने विचार करू लागतो. वृत्तपत्रात दर-अर्जाची जाहीर सूचना आली की कात्रण काढा. सोसायटीच्या, ग्रामसभेच्या बैठकीत ती वाचा. हरकत मराठीत लिहा, ग्राहक क्रमांक घाला, आणि निदान एवढे विचारा: गळती किती, ती मोजली की अंदाजाने धरली, आणि वकिलांवर किती खर्च केला? मुदतीत पाठवा, पोच घ्या. आदेश निघाला की आपल्या हरकतीला त्यात काय उत्तर दिले आहे, ते शोधा. उत्तर नसेल, तर तीच पुढची हरकत.

— आपलेच, काही वीजग्राहक

(वाचून झाल्यावर शेजारी द्या.)