कंपनी गांवांत येत नाहीं तेव्हां

१९१३ सालीं निघालेली गंधर्व नाटक मंडळी पडदे, पोषाख व आचारी असा सारा संसार बरोबर घेऊन गांवोगांव मुक्काम करी. आजच्या दक्षिण कोरियांतील गायक-नर्तकांच्या संघांस तें परवडत नाहीं. रंगमंच, दिवे व ध्वनियंत्रें यांचा खर्च निघण्यास हजारों श्रोते मावतील अशी जागा लागते. 'बीटीएस' या सात तरुणांच्या संघानें जून २०१९ मध्यें लंडनचें वेम्ब्ली मैदान लागोपाठ दोन रात्रीं गाजविलें. याच पठडींतील हाँगकाँगचा जॅक्सन वांग जानेवारी २०२३ मध्यें आपल्याकडे आला, तो मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर.

सोलापूरच्या मुलीस असा जलसा पाहावयाचा तर साडेचारशें किलोमीटर जाणें आलें, आणि त्याआधीं वडीलधाऱ्यांची परवानगी! तिकिटाच्या किंमतीबद्दल त्यांची कुरकुर रास्त आहे. परंतु 'न समजणाऱ्या भाषेंतलीं हीं कसलीं गाणीं?' हा आक्षेप आम्हांस पटत नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं कानडी चालींवर पदें रचिलीं, तीं आपल्याच पणजोबांनीं डोक्यावर घेतलीं. आणि ज्या शहरांत मराठीबरोबर कानडी व तेलुगू रोज कानीं पडतें, तेथें परभाषेचा बाऊ कशास?

नकार दिल्यास मुलगी गप्प बसेल खरी, पण पुढें मनांतलें कांहीं सांगावयाची नाहीं. तेव्हां एखाद्या आत्यानें किंवा काकूनें खुशाल सोबत जावें. जलसा संपावयास उशीर होतो. परतीच्या गाडीसाठीं धांवपळ न करितां मुंबईस नातलगांकडे राहून सकाळीं निघावें. काकूंनीं कानांत घालावयास कापसाचे बोळे मात्र अवश्य न्यावेत.