होडी आहे, सुतार द्या

आदिवासी भागातल्या तलावांवर मासेमारी वाढवायची म्हटलं की सरकारला दोन गोष्टी आठवतात: मत्स्यबीज आणि नवी होडी. बीज हवंच, त्याबद्दल वाद नाही. नव्या होडीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. जव्हार तालुक्यात वांगणीच्या आसपास फिरताना तलावाकाठी, शाळेमागे, कोणाच्या तरी खळ्यात पालथी पडलेली होडी दिसतेच. एखादीत शेणी रचलेल्या असतात, एखादीखाली कोंबड्या. ती नीट करायला कोणाकडे पैसे नसतात, कारण त्यासाठी पैसे मागायचा अर्जच नाही. निदान मला तरी तो कोणी दाखवला नाही. मला दाखवला तो अर्ज नव्या होडीचा होता, आणि त्याला विक्रेत्याचं कोटेशन जोडायचं होतं.

माझं माहेर समुद्रकाठचं सातपाटी. वडिलांच्या हाताखाली होड्यांचे सांधे भरताना लहानाची मोठी झाले. नोकरीनं डोंगरात आणलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवली आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. वावर-वांगणी हे जोडनाव उभ्या महाराष्ट्राला १९९२ साली कळलं ते कुपोषणानं दगावलेल्या मुलांमुळे. त्यानंतर योजना पुष्कळ आल्या. अमृत आहार योजनेतून अंगणवाडीच्या पोरांना अंडं किंवा केळं मिळू लागलं, हे चांगलंच झालं. पण ज्या तलावात रोहू, कटला वाढतोय त्या तलावाच्या काठावरच्या पोराच्या ताटात तो का येत नाही, हा प्रश्न मला शिक्षिका म्हणूनही छळायचा.

उत्तर सोपं आहे. मासा मधोमध असतो आणि माणूस काठावर. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिघांनाही धरायचं तर जाळं खोल पाण्यात टाकायला हवं. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओहोळातून चढतात तेव्हा हातानं, टोपलीनं, लुगड्यानंही धरता येतात. तेवढे दिवस आमच्याकडे घरोघरी कालवण असतं. पुढे पाणी वाढलं की कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहून जेवढं मिळेल तेवढं. ज्याला हिंमत आहे तो ट्रकच्या ट्यूबवर नाहीतर थर्माकोलवर बसून आत जातो. ट्यूब खुंटाला लागून फुटली किंवा पायात जाळं अडकलं की संपलं. जायकवाडीच्या फुगवट्यावर भिवधानोऱ्याची पोरं थर्माकोलवरून शाळेत जातात म्हणून २०२२ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. मासे धरायला थर्माकोलवर जाणाऱ्याची बातमी होते ती बुडाल्यावर.

म्हणजे होडी पाहिजेच. कसली, हे मात्र तलाव ठरवतो. आमच्या सातपाटीच्या होडीला पठाण, म्हणजे बुडाचा कणा, असते, ती लाट कापते. इथे लाट कुठली? इथे बुडलेली झाडं, खुंट, दगड आणि उन्हाळ्यात गुडघ्याएवढं पाणी. इथे सपाट बुडाची होडी लागते. ती वीतभर पाण्यातही तरंगते, बांबूच्या काठीनं रेटता येते आणि उभं राहून जाळं फेकलं तरी कलंडत नाही. वारा सुटला की मात्र ती भरकटते, तेव्हा काठ जवळ करावा हे बरं.

अशीच एक होडी आमच्या पाड्यावर होती. चौदा-पंधरा फूट लांबीची, सागवानी. पलीकडच्या बंधाऱ्याच्या कामाला कोणीतरी आणली आणि काम संपल्यावर सोडून दिली. शेजारचा भाऊ म्हणाला, "बाई, ही आता चुलीतच जायची." मी पटाशी मागितली.

जुन्या होडीचा निकाल पटाशीच्या टोकावर लागतो. टोक फळीत टेकवायचं आणि दाबायचं. टणक लागलं तर वरून कितीही काळी दिसली तरी फळी चांगली. लोण्यासारखं आत गेलं तर ती कुजलेली. बुडाच्या फळ्या तलावात भिजून कुजतात असं लोक समजतात. खरं तर घात करतं ते होडीच्या आत साचलेलं पावसाचं पाणी. समुद्रात खारं पाणी लाकूड मुरवतं, इथे गोडं पाणी कोपऱ्यात बसून खातं. जव्हारच्या पावसात होडी उताणी ठेवणं म्हणजे तिला मारणंच. आमच्या होडीच्या मागच्या बाजूच्या दोन फळ्या आणि एका वांकाचं, म्हणजे आतल्या फासळीचं, टोक गेलं होतं. बाकी सगळं खणखणीत.

नव्या फळीसाठी लाकूड कुठून आणायचं? इथे दारातला साग तोडायचा तरी परवानगी, न्यायचा तरी पास. शेवटी एका मोडलेल्या घराच्या माळ्याची फळी मिळाली, वर्षानुवर्षं धुरात वाळलेली. यापेक्षा चांगलं लाकूड पैसे टाकूनही मिळालं नसतं. सांधा तिरका घ्यायचा, फळीच्या जाडीच्या आठपट लांब. आखूड सांधा पहिल्याच खुंटाला उघडतो. खिळे जस्त चढवलेले. साधा लोखंडी खिळा गंजतो आणि भोवतीचं लाकूडही नासवतो. पाड्यावरचा सुतार दारं-खिडक्या करणारा. वाकस त्याच्या हातात छान बसला होता, पण पाणी अडवणारा सांधा त्यानं आयुष्यात केलेला नव्हता. दुसऱ्या फळीला तो मला गप्प बसायला सांगू लागला.

मग सांधे भरणं. सुती धागा पिळून पटाशीच्या बोथट बाजूनं सांध्यात ठोकायचा, वरून राळ आणि तेल. इथे घाई करणारे हमखास फसतात. वैशाखात लाकूड सुकून आकसलेलं असतं, फटी मोठ्या दिसतात, म्हणून माणूस त्यात सिमेंटसारखं कडक काहीतरी ठासून भरतो. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगतं, त्याला जागा मिळत नाही आणि खिळेच उपसून येतात. कोणी वरून फायबरचा थर चढवायला सांगतं. ओल्या जुन्या लाकडावर तो चढवला की ओल आत कोंडते आणि फळी झाकल्याजागी सडते. सांधा थोडा सैल ठेवावा, होडी उथळ पाण्यात नेऊन बुडवावी आणि तशीच पडू द्यावी. पहिल्या दिवशी ती चाळणीसारखी गळते. काठावर जमलेली मंडळी हसतात. त्यांना हसू द्यावं. लाकूड पाणी प्यायलं की सांधे आपोआप मिटतात.

या सगळ्यात महाग काय होतं? सुताराची मजुरी आणि खिळे. बाकी गावातलंच. आणि हीच गोष्ट कुठल्या योजनेच्या रकान्यात बसत नाही. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुसूचित जमातीच्या लाभार्थ्याला ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. उरलेले ४० टक्के वीटभट्टीवर राबणाऱ्यानं कुठून आणायचे, हा भाग वेगळाच. आणली समजा फायबरची होडी. उन्हानं आणि खुंटांनी तिला तडा जातो. तडा बुजवणं अवघड नसतं: भाग कोरडा करायचा, घासायचा, काचधाग्याचे थर रेझिनमध्ये भिजवून बसवायचे. पण ते रेझिन इथल्या बाजारात मिळत नाही आणि हे काम कोणाला शिकवलेलंही नाही. म्हणून ती पालथी पडते आणि पुन्हा नव्या होडीचा अर्ज जातो. उद्घाटनाचा फोटो नव्या होडीचाच निघतो, हेही एक कारण असावं.

माझं मागणं साधं आहे. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६च्या पेसा कायद्यानं लहान जलाशयांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे दिलं, २०१४ साली राज्याचे नियम झाले. २००६च्या वनहक्क कायद्यानं मासे आणि पाण्यातलं इतर उत्पन्न हा सामूहिक हक्क मानला. २०१५पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीकडे येतो. तलाव गावाच्या ताब्यात, निधी गावाच्या खात्यात. मग त्या निधीतून दरवर्षी होडीदुरुस्ती का होऊ नये? सुताराची मजुरी, खिळे, धागा, राळ आणि फायबरसाठी रेझिन, एवढंच. आणि प्रत्येक मोठ्या पाड्यावरच्या एका तरुणाला सातपाटीला नाहीतर डहाणूला पाठवून महिनाभर होडीकाम शिकवावं. आमच्या किनाऱ्यावरही या कामाला माणसं मिळेनाशी झालीत. शिकायला कोणी आलं तर म्हातारे आनंदानं शिकवतील.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो पोकळ नाही. दिवाळीनंतर अर्धा पाडा भिवंडी-वसईकडे भट्ट्यांवर जातो, मग होडी चालवणार कोण? मासा वाढून धरण्याजोगा होतो नेमका तेव्हाच, माघ-फाल्गुनात, आणि दुरुस्तीचे कोरडे दिवसही त्याच्याच मागोमाग येतात. एका होडीनं स्थलांतर थांबणार नाही, तसा दावा मी करत नाही. पण मागे राहतात ती म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि शाळेतली पोरं. त्यांच्यासाठी दोन माणसं होडी घेऊन आत गेली तरी पाड्याला मासा मिळतो. आमच्या होडीवर सध्या दोघे जण आहेत आणि त्यातला एक साठी उलटलेला आहे.

मोखाड्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणेचं धरण बांधून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्याची सोय झाली. त्याच्या नळांची, झडपांची देखभाल दरवर्षी अंदाजपत्रकात असते, आणि असायलाच हवी. देखभाल हा खर्च असतो हे सरकारला ठाऊक नाही असं नाही.

येत्या ग्रामसभेसाठी मी लेखी विषय दिला आहे: तलावावरच्या तीन होड्यांची पाहणी आणि दुरुस्ती, अबंध निधीतून. सरपंचांनी विचारलं, "बाई, हे कुठल्या शीर्षाखाली घालू?" मी उपजीविका लिहायला सांगितलं. कागद त्यांच्याकडे आहे. पावसाच्या आधी ठराव झाला नाही तर निदान होड्या दगडांवर पालथ्या तरी घाला, असं खाली जोडलं आहे. त्याला पैसे लागत नाहीत, चार माणसं लागतात.